शाळेचं क्रोमबुक घरी आलंय? मग या चुका टाळा

न्यू जर्सीत सप्टेंबर उजाडला की रविवारच्या मराठी शाळेबाहेर, मुलं आत बाराखडी गिरवत असताना, पालकांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो: डिस्ट्रिक्टने, म्हणजे गावातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने, मुलांना दिलेल्या क्रोमबुकवरून (गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपवरून) शाळेला नेमकं काय दिसतं? एक जण छातीठोकपणे सांगतो, कॅमेऱ्यातून अख्खं घर दिसतं. दुसरा म्हणतो, छे, शाळेचं वाय-फाय सुटलं की विषय संपला. दोघंही चुकतात, पण दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते.

शाळेची नजर तीन जागी असते: इमारतीतल्या नेटवर्कवर, दिलेल्या यंत्रावर आणि मुलाच्या शाळेच्या अकाउंटवर. पहिली नजर शाळा सुटली की सुटते. दुसरी दप्तरातून घरी येते. तिसरी लॉगिन जिथे जाईल तिथे जाते, मग ते यंत्र तुमच्या पैशाने घेतलेलं का असेना. घरोघरी जे घोळ होतात, ते बहुतेक या तिसरीकडे कुणाचं लक्ष नसल्यामुळे.

घरच्या लॅपटॉपवर शाळेचं लॉगिन

क्रोमबुकचा चार्जर शाळेत राहिलेला असतो आणि असाइनमेंट रात्री बाराच्या आत द्यायची असते. मुलगी बाबांच्या लॅपटॉपवर क्रोम उघडून शाळेच्या ईमेलने गूगल क्लासरूममध्ये शिरते. क्रोम विचारतं की हे अकाउंट संस्थेच्या ताब्यातलं आहे, पुढे जायचं का? घाईत कोण वाचतं. 'कंटिन्यू' दाबलं जातं. आता शाळेने त्या अकाउंटला जोडलेली एक्सटेन्शन्स (ब्राउझरला जोडले जाणारे छोटे प्रोग्रॅम) त्या प्रोफाइलमध्ये आपोआप येऊन बसतात. गोगार्डियन, सिक्युर्ली, लाइटस्पीड ही त्यातली नेहमीची नावं. कोणत्या साइट उघडल्या, काय शोधलं, याची नोंद तिथे होऊ लागते.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याच खिडकीत आपलं काम सुरू करतात. यूट्यूबवरचे अर्धे व्हिडिओ गायब, आणि एखादी साधी साइट उघडायला जावं तर शाळेच्या लोगोसकट 'ब्लॉक्ड'ची पाटी. मग व्हायरस समजून अँटिव्हायरस चालवला जातो, राउटर तीनदा बंद-चालू होतो, इंटरनेट कंपनीला फोन लावून पाऊण तास होल्डवरचं संगीत ऐकलं जातं. त्या पाटीवरचा लोगो मात्र कुणी नीट बघत नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. क्रोमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि उघडलेल्या यादीच्या अगदी तळाशी बघा. तिथे 'मॅनेज्ड बाय' आणि पुढे शाळेचं नाव दिसलं, तर तुम्ही मुलीच्या प्रोफाइलमध्ये बसलेले आहात. मग एक्सटेन्शन्सची यादी उघडा. जी शाळेने टाकली आहेत, त्यांच्यावर ॲडमिनिस्ट्रेटरने बसवल्याची खूण असते आणि ती तुम्हाला काढता येत नाहीत.

त्या एक्सटेन्शनशी झटापट करत बसू नका. शाळेसाठी वेगळं क्रोम प्रोफाइल करा, त्याला भडक केशरी रंग द्या, आणि घरात सांगून ठेवा की केशरी खिडकीत फक्त अभ्यास. एका प्रोफाइलमधल्या एक्सटेन्शनला दुसऱ्या प्रोफाइलमधलं ब्राउझिंग दिसत नाही. जुनं मिसळलेलं प्रोफाइल त्या लॅपटॉपवरून काढून टाकलं की त्याच्याबरोबर आलेली एक्सटेन्शन्सही जातात. त्याआधी त्यात जतन झालेले तुमचे पासवर्ड बघून घ्या आणि ते सगळे बदला, कारण सिंक चालू असेल तर ते शाळेच्या अकाउंटमध्येही जाऊन बसलेले असतात.

फोनचं प्रकरण थोडं वेगळं. मुलाच्या स्वतःच्या फोनमध्ये शाळेचं अकाउंट घातलं आणि गूगल फोटोजचा बॅकअप नकळत त्या अकाउंटला जोडला गेला, तर घरचे सगळे फोटो शाळेच्या जागेत जमा होतात. गॅगलसारखी यंत्रणा काम करते ती शाळेच्या अकाउंटच्या आतच, म्हणजे ड्राइव्हमधल्या फायली आणि ईमेल चाळते. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्समध्ये फोटोग्राफीच्या वर्गासाठी काढलेले फोटो तिने अश्लील ठरवले; २०२५ मध्ये आजी-माजी विद्यार्थी त्यावरून कोर्टात गेले. त्याच वर्षी उघड झालं की वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरच्या शाळांकडे वार्ताहरांनी या देखरेखीबद्दल माहिती मागितली, तेव्हा विद्यार्थ्यांचे जवळपास ३,५०० खासगी दस्तऐवज काहीही न झाकता त्यांच्या हाती आले. देखरेख करणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी साठवलेली वस्तू गळू शकते. बॅकअप कोणत्या अकाउंटवर चालू आहे, ते आजच बघा.

नातवाच्या क्रोमबुकवर आजोबांचं नेटबँकिंग

आई-वडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले असतात. शनिवारी सकाळी नातू क्रिकेटला, आणि क्रोमबुक डायनिंग टेबलवर उघडं. आजोबा आधी ई-पेपर वाचतात, मग पेन्शन जमा झाली का ते बघायला बँकेत शिरतात. कोपऱ्यात पासवर्ड जतन करू का, असं येतं. ते सवयीने 'सेव्ह' दाबतात. पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड आता सातवीतल्या मुलाच्या शाळेच्या अकाउंटमध्ये. आजोबांना यातलं काही सांगायला गेलं की ते म्हणतात, "शाळेला माझ्या पेन्शनमध्ये काय रस असणार?" रस नसतोच, पण पासवर्ड तिथे पडून राहतो तो राहतोच.

याहून नाजूक भाग शोधण्याचा. घरातलं कुणी रात्री त्याच यंत्रावर नैराश्याच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर काय होतं, असं काही शोधलं, तर टाइप करणारा बारा वर्षांचा आहे की बेचाळीसचा, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. शाळेकडे इशारा जातो तो मुलाच्या नावाने. गोगार्डियनचं बीकन खास आत्महत्येचे संकेत टिपण्यासाठी आहे आणि ते चोवीस तास चालवता येतं. इशारा आल्यावर काउन्सेलरने फोन करायचा की थेट पोलिसांनी दार वाजवायचं, हे ज्या त्या डिस्ट्रिक्टच्या नियमावर.

असा फोन आलाच तर काउन्सेलरवर खेकसू नका. कुणी, कशासाठी शोधलं ते सरळ सांगा आणि ते मुलाच्या नोंदीत लिहून घ्यायला ईमेलने कळवा. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. मुलाला मात्र "असलं काही शोधत जाऊ नकोस" असा दम देऊ नका. ज्याला खरंच मदत हवी असेल तो मग कुठेच विचारणार नाही. त्याला ९८८ हा मानसिक आधाराचा नंबर माहीत असू दे. अमेरिकेत कुठूनही फोन किंवा मेसेज करता येतो.

सगळी भीती कॅमेऱ्यावर खर्च करणं

कॅमेऱ्याला पट्टी चिकटवून निश्चिंत झालेली घरं मी बरीच बघितली आहेत. ही भीती हवेतून आलेली नाही. फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन डिस्ट्रिक्टने सुमारे २,३०० मुलांना मॅकबुक दिले होते आणि ते चोरीला गेल्यास सापडावेत म्हणून एक सोय ठेवली होती. ती चालू केली की यंत्र दर काही मिनिटांनी कॅमेऱ्यातून फोटो आणि स्क्रीनचं चित्र पाठवायचं. मुलांना कॅमेऱ्याजवळचा हिरवा दिवा मधूनच लुकलुकताना दिसायचा, पण तो बिघाड असल्याचं त्यांना सांगितलं गेलं. मग एका विद्यार्थ्याला शाळेत बोलावून त्याच्याच खोलीतला फोटो पुढे ठेवला गेला. हातात नशेच्या गोळ्या असल्याचा संशय होता. तो म्हणाला, त्या खायच्या गोड गोळ्या होत्या. फेब्रुवारी २०१० मध्ये खटला दाखल झाला. सुमारे ५६,००० चित्रं टिपली गेल्याचं चौकशीत निघालं, आणि ऑक्टोबरात डिस्ट्रिक्टने ६,१०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

पट्टी लावा, पाच सेंटचं काम आहे. पण हल्लीची देखरेख चेहऱ्यापेक्षा शब्दांवर आणि टॅबवर चालते. वर्ग चालू असताना शिक्षकांना मुलाचा स्क्रीन आपल्या स्क्रीनवर दिसतो, ते टॅब बंद करू शकतात. पट्टीने यातलं काहीच अडत नाही.

फॅक्टरी रीसेट करून 'मोकळं' करायचा उद्योग

आयटीतल्या बापांचा हा आवडता छंद. पॉवरवॉश (क्रोमबुकचा फॅक्टरी रीसेट) मारला की डेटा पुसला जातो, पण यंत्र पुन्हा सुरू होऊन इंटरनेटला लागलं की डिस्ट्रिक्टच्या नोंदणीत आपोआप परत जातं, कारण नोंद गूगलकडे त्या यंत्राच्या सीरियल नंबरवर आहे. वर शाळेचं पत्र येतं ते वेगळंच. आयपॅडचंही तेच: पुसल्यावर सुरुवातीलाच 'रिमोट मॅनेजमेंट'चा पडदा उभा राहतो.

याच कारणाने जुनं क्रोमबुक फेसबुकवर किंवा गराज सेलमध्ये स्वस्तात घेताना जपा. विकणाऱ्यासमोर ते पुसून, सुरू करून, स्वतःच्या जीमेलने आत शिरून बघा. कुठल्या तरी शाळेचं नाव पुढे आलं तर पैसे देऊ नका. ती नोंद फक्त ती शाळाच सोडवू शकते. सेटिंग्जमध्ये अपडेट कधीपर्यंत मिळणार तेही बघा. २०२१ पासून बाजारात आलेल्या मॉडेलना गूगल दहा वर्षं अपडेट देतं. त्याआधीच्यांची मुदत मॉडेलप्रमाणे वेगळी असते.

न वाचता सही

ऑगस्टच्या शेवटी पालक पोर्टलवर दहा फॉर्म येतात आणि आपण दहाही फॉर्मांवर एका दमात सही ठोकतो. त्यातला यंत्राच्या वापराचा फॉर्म बाजूला काढा. न्यू जर्सीत २०१३ पासून कायदाच आहे: शाळेने यंत्र देताना ते विद्यार्थ्याच्या हालचालींची किंवा वापराची माहिती टिपू शकतं, हे लेखी कळवायचं आणि मिळाल्याची पालकांची सही घ्यायची. न कळवल्यास प्रत्येक विद्यार्थ्यामागे २५० डॉलरपर्यंत दंड. म्हणजे तो कागद तुमच्या घरी आलेला असणारच, आणि बहुधा सही करून परतही गेला असणार.

शाळेला विचारायला गेलं की "फेडरल कायद्यामुळे करावं लागतं" असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं. २००० सालच्या सिपा कायद्यानुसार इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना फिल्टर बसवावा लागतो आणि मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्याचं धोरण करावं लागतं. प्रत्येक क्लिकचा माग ठेवा, असं तो कायदा म्हणत नाही. म्हणून प्रश्न नेमके विचारा: कोणतं सॉफ्टवेअर, शाळा सुटल्यावर आणि सुटीत चालू असतं का, नोंदी किती दिवस ठेवता, इशारा कुणाकडे जातो, आणि पालकांसाठी ॲप आहे का. गोगार्डियन आणि सिक्युर्लीची पालकांसाठी ॲप आहेत, पण डिस्ट्रिक्टने चालू केली तरच चालतात. मुलाबद्दलची शैक्षणिक नोंद बघायचा हक्क १९७४ च्या फर्पा कायद्याने पालकांना आहे. लेखी मागितल्यावर शाळेला ४५ दिवसांत ती दाखवावी लागते. मूल अठरा वर्षांचं झालं की हा हक्क त्याच्याकडे जातो.

सुटीत भारतात नेणं

आधी आयटी विभागाला ईमेल करा. बरीच डिस्ट्रिक्ट देशाबाहेरचं लॉगिन बंद ठेवतात. मग ठाण्यात बसून मुलाला दारच उघडत नाही आणि इथे मध्यरात्र असते. विम्यात परदेश धरलाय का, तेही विचारा. चार्जरची काळजी नको. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसती पिन बदलणारा ॲडॉप्टर पुरतो.

बारावीतही शाळेचाच ईमेल

कॉलेजचे अर्ज, स्कॉलरशिप, ॲपल अकाउंट, सगळं शाळेच्या ईमेलवर. जूनमध्ये ग्रॅज्युएशन होतं, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत डिस्ट्रिक्ट अकाउंट बंद करतं, आणि कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र त्या बंद पेटीत जाऊन पडतं. अकरावीच्या उन्हाळ्यातच मुलाचा स्वतःचा ईमेल उघडा आणि कॉमन ॲपपासून (अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जापासून) सगळीकडे तोच द्या. जुनं साहित्य आणायला गूगलच्या टेकआउटमध्ये शाळेच्या अकाउंटसाठी 'ट्रान्सफर युअर कंटेंट' अशी सोय असते. ती ड्राइव्ह आणि जीमेल थेट खासगी अकाउंटमध्ये नकलून देते. दुसऱ्या कुणाच्या मालकीच्या आणि फक्त शेअर केलेल्या फायली त्यात येतीलच असं नाही, त्या हाताने उतरवून घ्या. डिस्ट्रिक्टने ही सोय बंद ठेवली असेल तर मे महिन्यातच काउन्सेलरला लिहा, कारण जुलैत शाळेत फोन उचलायला कुणी नसतं.