कुत्र्याच्या खाजेची गोळी: आधी वजन, मग डोस

खाजेवरच्या अपोक्वेल गोळीचा डोस कुत्र्याच्या वजनावर ठरतो, आणि घरात बहुतेकदा गेल्या वर्षीचंच वजन धरलं जातं.

१. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. उचलण्यापलीकडचा असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर नेऊन उभा करा.

२. हा आकडा डॉक्टरांना कळवून डोस पक्का करून घ्या. गोळ्या ३.६, ५.४ आणि १६ मिलिग्रॅमच्या मिळतात. ‘अर्धी गोळी’ एवढंच लक्षात ठेवू नका, कोणत्या ताकदीची अर्धी तेही हवं. नवीन पाकीट घेताना आकडा वाचूनच पैसे द्या.

३. सुरुवातीला ही गोळी सहसा दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त १४ दिवस असते, पुढे एकदाच. बदलाची तारीख पहिल्याच दिवशी पाकिटावर मार्करने लिहा. खाज थांबली की घरात या तारखेचा हमखास विसर पडतो.

४. घरात गोळी देणारे दोघं-तिघं असतील तर फ्रिजवर कागद लावा, दिली की लगेच खूण. आजी सकाळी देते, मुलगा कॉलेजला जाताना पुन्हा देतो, असं सहज होतं.

गोळी मधल्या रेषेवर नीट तुटते, त्यामुळे चुरा करायची गरज नाही. जेवणाआधी-नंतर कधीही चालते.

एक मात्र सांभाळा: वर्षाच्या आतल्या पिल्लाला किंवा गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्याला ही गोळी देत नाहीत. शेजाऱ्यांकडची उरलेली स्ट्रिप म्हणूनच नको.