नदीकाठची रानमोडी हाताने कशी काढावी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई, रगाडा या नद्यांच्या किंवा कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेने वाहणाऱ्या ओहोळाच्या काठी रानमोडी, हे बाहेरून आलेले झुडूप, माजली, की माणसे जमवून एका रविवारी सगळी साफ करावी असे वाटते. तसे करू नका. सत्तरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघडा उतार पहिल्याच पुरात खचतो आणि ऊन लागलेल्या मोकळ्या मातीत सगळ्यांत आधी रानमोडीचेच बी उगवते. मोकळी झालेली जागा इथली झाडे किती लवकर भरून काढतात, ते पाहून किती उपटायचे ते ठरवा. हाताशी माणसे जास्त आहेत म्हणून पट्टा वाढवू नका.

आधी जागा कोणाची ते बघा. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काडीलाही हात लावायचा नाही. बाहेर कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था) असेल किंवा खाजगी मालक, त्यांना विचारा.

रानमोडीची पाने समोरासमोर येतात, कडा दातेरी असते आणि देठाजवळून तीन ठळक शिरा फुटतात. चुरगळले की उग्र वास येतो. भांडिरा या झुडपालाही उग्र वास असतो, पण त्याची पाने मोठी, हृदयाच्या आकाराची. तो आपला आहे, राहू द्या.

सुरुवात प्रवाहाच्या वरच्या अंगाने करा, आणि तीही जिथे रानमोडी विरळ आणि करंज, उंबर, शेरणी ही इथली झाडे शाबूत आहेत तिथून. दाट जाळीकडे शेवटी वळायचे. चौघांनी एका सकाळी शंभर चौरस मीटर नीट केले तरी पुष्कळ झाले.

वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया जाते. जून-जुलैत माती मऊ असते, रोप सहज निघते, म्हणून वरच्या सपाट भागातले तेव्हाच काढा. पण पाण्यालगतच्या उतारावर पावसाळ्यात कुदळ चालवू नका. तिथे पाणी ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर काम करा. ओल टिकून असते आणि फुले यायला अवकाश असतो. डिसेंबरात फुलोरा येतो, त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाला म्हातारी, म्हणजे केसाळ बी, उडू लागते.

मोठे झुडूप आधी कोयत्याने हातभर खुंट ठेवून छाटा. तो खुंट धरायला मूठ म्हणून उपयोगी पडतो. मुळे खोल जात नाहीत, बहुतेक वरच्या वीतभर मातीतच पसरलेली असतात. खरी मेख जमिनीलगतच्या गड्ड्यात आहे. मुळे आणि खोड जिथे जुळतात तिथे ही गाठ असते, तिच्यावर बारीक डोळे दिसतात आणि प्रत्येक डोळ्यातून नवा फुटवा येतो. नुसते कापले तर एका खोडाची पाच-सहा होतात. पारय (पहार) गाठीच्या बाजूने तिरकी घाला, गाठ उचला, माती तिथेच झटका आणि खड्डा पायाने दाबून पालापाचोळ्याने झाका. उभ्या उतारावर अंगठ्याहून जाड खोड असेल तर ओढू नका, काठाच्या मातीचा मोठा तुकडा घेऊन येईल. तिथे दोन बोटे माती सारून फक्त गाठ तासून काढा, बारीक मुळे कुजेपर्यंत माती धरून ठेवतील. फुटवे आलेच तर दर महिन्याला खुडा.

काढलेले झाड ओल्या मातीवर टाकले तर पुन्हा रुजते, नदीत टाकले तर खाली जाऊन रुजते. मुळे वर करून खडकावर किंवा झाडाच्या बेचक्यात वाळवा. बी धरले असेल तर तुरे आधी पोत्यात घाला, तोंड बांधा, मगच खोडाला हात लावा. पेटवून देऊ नका. आगीत इथली रोपे मरतात आणि रानमोडी गाठीतून परत फुटते. गुरांपुढेही टाकू नका, पाल्यात नायट्रेट जास्त असते, ते त्यांना बाधते.

पुढच्या जूनमध्ये त्याच जागी रोपांचा गालिचा दिसेल. घाबरू नका. बहुतेक बी एक-दोन वर्षांत संपते, थोडे त्यापुढेही टिकते. रोप चार-सहा पानांचे असताना दोन बोटांनी निघते. आणखी दोन महिने गेले की पारय लागते. म्हणून जून ते ऑक्टोबर दर तीन आठवड्यांनी फेरी मारा. जुना पट्टा एका फेरीत आटोपू लागला तरच शेजारचा नवा घ्या. चौथ्या-पाचव्या वर्षापासून वर्षाला दोन फेऱ्या पुरतात, पण वाऱ्यावरून बी येतच राहणार, तेव्हा त्या थांबवू नका.

पाण्यालगत शेरणी आणि वाळुंजाच्या, थोडे वर निर्गुडीच्या हातभर काड्या पावसाच्या सुरुवातीला अर्ध्याहून जास्त खोल खोचा. काठाच्या माथ्यावर करंजाचे ताजे बी पेरा.

गमबूट आणि जाड हातमोजे घाला, जाळीत हात घालण्याआधी काठीने ढोसा. घोणस आणि चापडा हे दोन्ही विषारी साप असतात. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे, म्हणजे गोचिडांमुळे पसरणाऱ्या तापाचे, रुग्ण आढळले आहेत. डिसेंबर ते मे या काळात गोचिडांचा धोका जास्त, तेव्हा पूर्ण बाह्या घाला, परतल्यावर अंग तपासा, गरम पाण्याने आंघोळ करा आणि कपडे लगेच धुवा. त्याआधी, जागेवरून निघतानाच, कपड्यांना चिकटलेले काळे, टोकदार बी तिथेच झाडून टाका.