मॅरेथॉन पळून पेशंटसाठी पैसे कसे जमवायचे

पळायचं कसं हे सांगणारे शंभर जण भेटतात, पैसे मागायचे कसे हे कोणी सांगत नाही. आणि खरं सांगू का, ४२.१९५ किलोमीटर पळण्यापेक्षा आतोबांना फोन करून हजार रुपये मागणं जास्त अवघड आहे.

उदाहरण टाटा मुंबई मॅरेथॉनचं घेतो. ती जानेवारीत तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे गणपती गेले की दोन्ही कामं सुरू, पळणं आणि मागणं.

आधी संस्था ठरवा. या मॅरेथॉनच्या देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई बघते, त्यांच्याकडे नोंदलेल्या संस्थांची यादी असते त्यातली एक निवडायची. पण "कॅन्सरसाठी पळतोय" एवढ्यावर कोणाचा हात खिशात जात नाही. परळला टाटा मेमोरियलमध्ये गावाकडून पेशंट येतो, उपचार महिनोन् महिने चालतात आणि सोबतच्या माणसाला मुंबईत राहायला जागा नसते, असं नेमकं एक काम पकडा. मग संस्थेलाच विचारा की एका कुटुंबाचा एका आठवड्याचा खर्च किती. तो आकडा मेसेजमध्ये टाकायचा.

काही संस्था चॅरिटी बिब, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा नंबर, देतात, ठरलेली रक्कम जमवायची कबुली द्यायची आणि नंबर घ्यायचा. रक्कम कमी पडली तर उरलेली तुमच्या खिशातून जाणार का, हे आधी लेखी विचारून घ्या. आणि बूट, फी, प्रवास हे सगळं आपल्या पैशातून, देणगीतून नाही, लोक हे विचारतातच.

आता मागणं. डोनेशन पेजवर पहिली देणगी स्वतःची टाका, शून्य दिसलं की माणूस पुढे सरकतो. पहिल्या वर्षी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली, अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले, पैसे एकाचेच आले, तेही शेजारच्या काकूंचे कारण त्या लिफ्टमध्ये भेटल्या. तेव्हापासून मी वहीत नावं लिहितो, रोज तीन जणांना वेगळा मेसेज, नाव घेऊन आणि रक्कम सांगून. "जमेल तेवढं दे" म्हटलं की समोरचा विचार करत बसतो आणि विसरतो, "दादा, हजार देशील का" म्हटलं की हो किंवा नाही येतं. दिवाळीचा बोनस आणि महिन्याची पहिली तारीख सोडू नका, वीस तारखेनंतर मागून उपयोग नाही. ऑफिसमध्ये एचआरला विचारा, काही कंपन्या तुम्ही जमवाल तेवढीच भर घालतात.

पावतीचं नीट बघा. ज्याला टॅक्समध्ये सूट हवी त्याचा पॅन लागतो, २,००० रुपयांच्या वर कॅश दिली तर सूट नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्यांना तशीही मिळत नाही, तेव्हा सूट मिळेल असं सरसकट सांगत सुटू नका. अमेरिकेतल्या भावाने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात, ते फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतात.

पळण्याचं थोडक्यात. आठवड्यात चार दिवस, रविवारी लाँग रन, तो हळूहळू वाढवत शर्यतीआधी तीन आठवडे ३०-३२ किलोमीटरपर्यंत न्यायचा आणि मग कमी करत आणायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाटे पाचलाच बाहेर पडा. नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं, मीठ-साखर किंवा इलेक्ट्रॉल लागतंच. बीपी, शुगर असेल किंवा चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टर. पहिल्यांदाच पळत असाल तर सरळ हाफ मॅरेथॉन किंवा ड्रीम रन, म्हणजे हौशी लोकांची छोटी धाव, घ्या, देणारे किलोमीटर मोजत नाहीत.

प्रत्येक लाँग रननंतर घामाघूम फोटो स्टेटसला टाका, लिंकसकट. शर्यतीनंतर दोन दिवसांत मेडलचा फोटो आणि जमलेला आकडा प्रत्येकाला पाठवा, ज्यांनी "बघतो" म्हणून टाळलं होतं त्यांनाही. माझे आतोबा दरवर्षी तेव्हाच देतात, आधी पूर्ण पळून दाखव म्हणतात, म्हणून पेज कधी बंद होणार ती तारीख आधीच बघून ठेवा.