पैसा आल्यानंतर दोन मुलींमधील चुरस कशी हाताळावी

नवी मुंबईतील ज्या प्रकल्पग्रस्त घरांत साडेबारा टक्के योजनेतील (शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याच्या योजनेतील) किंवा विमानतळाच्या जमिनीबदल्यात मिळालेल्या साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडावर इमारत उभी राहिली आणि चार-पाच वर्षांत घराचे रूप पालटले, त्या घरांतील किशोरवयीन बहिणी वरवर फोन, कपडे आणि खोली यांवरून भांडत असल्या, तरी भांडणाचे मूळ बहुधा वेगळेच असते. एकीचे बालपण ओढाताणीत गेलेले असते आणि दुसरीचे सुबत्तेत. आईवडिलांनी हे मान्य केल्याखेरीज पुढचा कोणताही उपाय लागू पडत नाही, असे मी माझ्या दोन मुलींच्या अनुभवावरून सांगते. थोरली सतरा वर्षांची आहे, धाकटी चौदा.

सुरुवात कागदापासून करावी. एका बाजूला दोघींची वये आणि दुसऱ्या बाजूला त्या त्या वर्षीची घरची परिस्थिती लिहिली, की कोणत्या वयात कोणाला काय मिळाले हे स्पष्ट दिसते. आम्ही हे लिहायला बसलो तेव्हा आठवले, की थोरलीने पाचवीपर्यंत चुलतबहिणीचा जुना गणवेश वापरला होता. त्या निळ्या स्कर्टची शिवण उसवून मी तो दर वर्षी दोन बोटे लांब करीत असे, आणि जुन्या दुमडीच्या जागी जी गडद पट्टी उरे, ती झाकण्यासाठी ती दप्तर पुढे धरून चालत असे. धाकटीच्या वाट्याला हे आलेच नाही, आणि त्यात तिचा काहीही दोष नाही.

हे लक्षात आल्यावर पालक पहिली चूक करतात ती भरपाई करण्याची. आम्हीही थोरलीला महागडा फोन घेऊन दिला. त्यावर धाकटी म्हणाली, "ताईला न मागता मिळतं," आणि थोरली म्हणाली, "मला तेव्हा हवं होतं." म्हणून खरेदी बाजूला ठेवावी. धाकटी घरात नसताना थोरलीला जवळ बसवून, "तेव्हा तुला कितीतरी गोष्टींवाचून राहावं लागलं, तू हट्ट केला नाहीस आणि आम्ही ते गृहीत धरलं," असे सरळ शब्दांत सांगावे आणि मग तिला बोलू द्यावे. मध्येच "आता सगळं आहे ना?" असे म्हणू नये, त्या एका प्रश्नाने तिचे बोलणे कायमचे थांबू शकते.

बचतीतही अशी तफावत नकळत शिरते. सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येते. आमच्याकडे पैसा आला तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती, म्हणून तिचे खाते निघाले आणि बारा वर्षांच्या थोरलीचे राहून गेले. पुढे कपाटात पासबुक तिच्या हाती लागले, तेव्हा तिने त्याचा लावायचा तो अर्थ लावला. अशा वेळी थोरलीच्या नावाने मुदत ठेव किंवा पीपीएफ खाते सुरू करावे (पालकाचे आणि अल्पवयीन मुलीचे पीपीएफ मिळून वर्षाला दीड लाखांचीच मर्यादा असते), आणि दोन्ही पासबुके दोघींसमोर उघडून कारण समजावून सांगावे.

यापुढील गोष्टींसाठी मात्र वयाचा नियम ठरवावा आणि तो दोघींना सारखाच लावावा. स्कूटरच्या बाबतीत तर कायद्यानेच नियम घालून दिला आहे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर वाहनासाठी असतो, तर दुकानांतील नेहमीच्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलीने गाडी चालवल्यास पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॉलेज लांब आहे, ही सबब थोरलीसाठीही मानू नये.

धाकटीच्या बाजूने कोणी बोलत नाही, हेही पाहावे. "तुला कष्ट काय माहीत?" हे वाक्य ती हळदीला, साखरपुड्याला, गणपतीत प्रत्येक आत्या-मामीकडून ऐकत असते. नातेवाइकांना हे बोलू नका असे आईनेच सांगावे, आणि ते धाकटीच्या देखत सांगावे.

मुली आपल्याकडे पाहून शिकतात, हे जमिनीच्या बाबतीत फार जाणवते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ मध्ये झाली, तरी मोबदला मिळण्याच्या वेळी आत्यांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या आणि नंतर जाणे-येणे बंद झाले, अशी घरे आमच्या गावातही आहेत. ज्या घरात वडील स्वतःच्या बहिणीशी बोलत नाहीत, तेथे "बहिणीबहिणींनी जमवून घ्या" हे सांगणे मुलींना पटत नाही. शक्य असेल तर आधी तो अबोला मिटवावा.

रोजच्या किरकोळ वादात पडू नये. परंतु मारहाण होऊ लागली, एकीने जेवण सोडले, ती खोलीबाहेर येईना किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर लग्नकार्य किंवा परीक्षा उरकण्याची वाट न पाहता समुपदेशकाकडे न्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, आणि पहिला फोन आईवडिलांनी केला तरी चालतो.