ताप आणि पुरळ: घरभेटीत तपास कसा करावा

'आमच्याकडे चार पोरांना गोवर निघालाय' असा निरोप आला की आरोग्य पथक तयारीला लागतं. पण तो गोवरच आहे हे अजून कोणालाच ठाऊक नसतं. डेंगू, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप), रुबेला (जर्मन गोवर), औषधाची ॲलर्जी या सगळ्यांत ताप आणि पुरळ येतं. म्हणून नोंदवहीत 'संशयित' लिहा आणि आजाराचं नाव प्रयोगशाळेवर सोडा. पथकातल्या प्रत्येकाला पूर्वी गोवर झालेला असावा किंवा लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावेत. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, तेव्हा एन-९५ मास्क लावूनच आत जा.

नोंद लिहिण्याआधी मूल पाहा. पारदर्शक काचेचा पेला पुरळावर दाबा. डाग फिका पडला नाही, तर त्वचेखाली रक्त उतरलं आहे. सोबत झोपाळूपणा, ताठ मान, धाप किंवा गार हातपाय असतील तर माहिती नंतर घ्या, आधी १०८ ला फोन करा. मेंदूज्वराचा जिवाणू रक्तात पसरला असेल तर काही तासही फार होतात.

सावळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही आणि बल्बच्या पिवळ्या उजेडात तर पुरळ हरवतंच. मुलाला दाराशी, दिवसाच्या उजेडात आणा. उजेड तिरपा पडू द्या, बोटांच्या टोकांनी त्वचा हलकेच चाचपा. कडुलिंबाचा किंवा हळदीचा लेप असेल तर आईला विचारून बोटभर जागा ओल्या कापडाने पुसून घ्या. कानामागे, तोंडात, तळहात-तळपाय, काखेत, जांघेत पाहा आणि करदोटा वर सरकवून त्याखालीही पाहा. स्क्रब टायफसची काळी खपली अशाच जागी असते. ती दुखत नाही, म्हणून घरचे सांगत नाहीत.

पुरळ आधी कुठे उठलं हे विचाराच. गोवरात दोन-चार दिवस ताप, खोकला, सर्दी, लाल डोळे, मग पुरळ कानामागून चेहऱ्यावर आणि तिथून खाली उतरतं. कांजिण्यांत अंगभर पुटकुळ्या, पाणी भरलेले फोड आणि खपल्या एकाच वेळी दिसतात. रुबेलाचा ताप सौम्य, पण कानामागच्या आणि मानेच्या गाठी सुजतात. घरात गरोदर बाई असेल तर तिची नोंद त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

सगळ्यात जास्त चुका एका तारखेत होतात. 'कधीपासून आजारी?' असं विचारलं की आई तापाची तारीख सांगते. आपल्याला हवी असते पुरळ उठल्याची. 'ताई, अंगावर पहिला ठिपका दिसला तो दिवस कोणता? आठवडी बाजाराच्या आधी की नंतर?' असं विचारा. सगळा हिशेब याच दिवसावर उभा आहे. समजा गोवराचं पुरळ १४ डिसेंबरला उठलं. मग मूल १० ते १८ डिसेंबर (पुरळाआधी चार आणि नंतर चार दिवस) इतरांना आजार देऊ शकत होतं, आणि त्याला स्वतःला तो २३ नोव्हेंबर ते ७ डिसेंबरच्या दरम्यान (पुरळाआधी २१ ते ७ दिवस) कुठून तरी लागला. त्या दिवसांतलं लग्न, अंगणवाडी, दवाखान्याची ओळ, ऊसतोडीहून परतलेले पाहुणे, सगळं लिहून घ्या. तारीख चार दिवसांनी चुकली तर शोध चुकीच्या घरात जातो.

लसीबद्दल तोंडी उत्तर 'सगळ्या दिल्यात' असंच येतं. माता-बाल संरक्षण कार्ड मागा. एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. तारीख बारकाईने पाहा, कारण लशीनंतर ७ ते १२ दिवसांनी लसीमुळेही पुरळ उठू शकतं आणि तेव्हा आयजीएम चाचणी (रक्तातली ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं शोधणारी) होकारार्थी येते.

आयजीएमसाठी रक्त पुरळानंतर २८ दिवसांपर्यंत चालतं. मुलाचं रक्त साध्या नळीत, साधारण ५ मिली घ्या. पहिल्या तीन दिवसांत अहवाल खोटा नकारार्थी येऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर गोवर नाकारू नका. घशाचा स्वॅब मात्र ७ दिवसांच्या आत, कृत्रिम धाग्याच्या काडीने घेऊन विषाणू-माध्यमात (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात) घाला. कापसाची लाकडी काडी नको. नळीत रक्ताची गुठळी होऊ द्या, नळी हलवू नका. सीरम (गुठळीवरचं पिवळसर पाणी) वेगळं होईपर्यंत ती बर्फात गोठवूही नका. रक्तपेशी फुटल्या की नमुना वाया जातो. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये (लस नेण्याच्या थंड पेटीत) तो २ ते ८ अंशांत राहावा आणि बर्फाच्या पॅकला थेट चिकटू नये.

गोवराचा संशय असेल तर जीवनसत्त्व 'अ' अहवालाची वाट न पाहता, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने द्यावं: ६ महिन्यांखाली ५०,००० युनिट, ६ ते ११ महिने १ लाख, त्यापुढे २ लाख. हाच डोस दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मग शेजारची घरं. 'गोवर आहे का?' असं विचाराल तर देवीचा कोप मानणारी घरं नाही म्हणतात. 'गेल्या महिन्यात कोणाच्या अंगावर पुरळ आलं होतं का, कोणी पोर दगावलं का?' असं विचारा. प्रत्येक घराची ओळ लिहा, पुरळ नसलेल्या घराचीही, आणि दार बंद असेल तर संध्याकाळी परत जा.