सॅम्पलरवरून कॉम्प्युटरवर नॉइजशिवाय रेकॉर्डिंग: आदल्या दिवसापासूनची तयारी

केबल हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: रेकॉर्डिंगची खरंच गरज आहे का? माझ्याकडे रोलँडचा एसपी-४०४एसएक्स हा सॅम्पलर आहे, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) साठवून पॅड दाबून वाजवायचं यंत्र. त्यातले सॅम्पल एसडी कार्डावर वेव्ह फाइल म्हणूनच साठतात, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. संबळाचा नुसता एक तुकडा कॉम्प्युटरवर हवा असेल तर कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, कॉपी करा. इफेक्टसकट हवा असेल तर पॅडला इफेक्ट लावून सॅम्पलरच्या आतच रीसॅम्पल, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड, करा आणि मग कार्डावरून उचला. केबलच नाही म्हटल्यावर केबलचा नॉइजही, म्हणजे नको असलेली खरखर आणि शूंऽऽही, नाही. हाताने वाजवलेलं, नॉब फिरवत केलेलं, पाच-सहा मिनिटांचं सलग वादन हवं असेल तेव्हाच पुढचा सगळा खटाटोप करायचा. माझं तसंच होतं. मामाने कॅसेटवर टेप केलेली आजीची जात्यावरची ओवी, तिच्याखाली संबळ, आणि मध्ये मध्ये मी सोडलेला डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा इफेक्ट.

खरेदी आदल्या दिवशी उरकून घ्या. या सॅम्पलरचे आउटपुट आरसीए आहेत आणि ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे बाहेरचा आवाज यूएसबीने कॉम्प्युटरला देणाऱ्या डबीला, मोठा पाव इंची जॅक लागतो. त्यामुळे एका टोकाला आरसीए आणि दुसऱ्या टोकाला मोनो जॅक अशी जोडी केबल घ्या. पुण्यात बुधवार पेठेत ती सहज मिळते. लांबी दीड मीटर पुरे. ही अनबॅलन्स्ड केबल असते, म्हणजे जेवढी लांब तेवढं जास्त बाहेरचं ओढून घेणार. कन्व्हर्टरवर कन्व्हर्टर चढवू नका. सैल पिन हलली की खरखर सुरू होते आणि आपण तासभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. त्याच फेरीत सहा पेन्सिल सेल आणा, अल्कलाइनच.

सेल कशासाठी, ते नीट सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सॅम्पलर एका ॲडाप्टरवर, लॅपटॉप दुसऱ्या चार्जरवर आणि मधून ऑडिओ केबल गेली की अर्थिंगचा एक फेरा तयार होऊ शकतो. मग ५०, १००, १५० हर्ट्झवर घूंऽऽ सुरू होतं, त्यालाच हम म्हणतात. सॅम्पलर सेलवर चालवला की हा फेरा तिथेच तुटतो. लॅपटॉपही पूर्ण चार्ज करून चार्जर काढून ठेवा. माझ्या टेबलावर एका जुन्या चार्जरमुळे मीटर उणे ५४ डेसिबलवर अडकलं होतं, चार्जर काढल्यावर ते उणे ७६ ला गेलं. माउस हलवला की बदलणारी बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर ती यूएसबीच्या बाजूने येते आहे असं समजा आणि पोर्ट बदलून बघा. ॲडाप्टरशिवाय गत्यंतर नसेल तर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. तरीही हम राहिला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स घाला, म्हणजे अर्थिंगचा जोड तोडून फक्त आवाज पुढे देणारी डबी. पण थ्री-पिनचा मोठा पाय कापू नका, टेप लावून बंदही करू नका. हम जाईलही, पण तो पाय तुमच्या जिवासाठी आहे.

खोलीतलं काम थोडं आहे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा पंखा बंद, डिमरचा दिवा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर आणि केबलपासून लांब. ऑडिओ केबल पॉवरच्या वायरला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

आता लेव्हल. बहुतेक जण इथेच नॉइज ओढवून घेतात. सॅम्पलरचा व्हॉल्यूम कमी ठेवून इंटरफेसचा गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) चढवला की आवाजाबरोबर इंटरफेसच्या आतल्या प्रीॲम्पची शूंऽऽही चढते. उलट करा. सॅम्पलरचा नॉब पाऊण ते पूर्ण, इंटरफेसचं इनपुट लाइनवर, इन्स्ट्रुमेंटचं आणि (माइकला वीज देणारं) ४८ व्होल्टचं बटण बंद, गेन लागेल तेवढाच. वादनातला सगळ्यात जोरकस भाग वाजवून बघा, मीटरवरचं पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, उणे १० डेसिबलच्या आसपास आलं की थांबा. रेकॉर्डिंग २४ बिटला ठेवा. सॅम्पलर १६ बिटचा असला तरी या जास्तीच्या बिटांमुळे वर मोकळी जागा ठेवता येते. सॅम्पल रेट मात्र ४४.१ च ठेवा. ९६ केल्याने या यंत्रातून नवीन काहीच बाहेर पडणार नाही.

यानंतरची पायरी मी कधीच वगळत नाही: शांततेची चाचणी. रेकॉर्ड दाबा. पहिले दहा सेकंद इंटरफेसमधून केबल काढलेली, दुसरे दहा केबल लावलेली पण सॅम्पलर बंद, तिसरे दहा सॅम्पलर चालू पण पॅडला हात नाही, चौथे दहा इफेक्ट चालू. हेडफोन लावून ऐका. ज्या टप्प्यावर आवाज वाढला तिथेच दोष. चौथ्या टप्प्यावर तडतड आली तर व्हिनाइल सिम नावाचा इफेक्ट चालू राहिलेला असतो. जुन्या तबकडीचा नॉइज मिसळणं हे त्याचं कामच आहे. चारही टप्पे स्वच्छ असून पॅड दाबल्यावरच शूं येत असेल, तर ती सॅम्पलमधलीच. केबल बदलून ती जाणार नाही.

प्रत्यक्ष टेक घेताना सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा सेकंद काही न वाजवता सोडा, सगळे नॉब टेकच्या जागी ठेवून. पुढे नॉइजचा नमुना म्हणून हाच तुकडा लागतो. जमेल तर संबळ वेगळा, ओवी वेगळी, बास वेगळा असं घ्या. फक्त हे ध्यानात ठेवा की सारख्याच पातळीचा नॉइज असलेले, वेगवेगळे रेकॉर्ड केलेले दोन ट्रॅक एकत्र आले की नॉइज साधारण ३ डेसिबलने वाढतो, चार झाले की ६ ने. म्हणून प्रत्येक ट्रॅकमधल्या रिकाम्या जागा कापा आणि टोकांना छोटे फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू चढवा-उतरवा.

सॉफ्टवेअरचा नंबर आता. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेशी आहे. आधी हमच्या ५०, १००, १५० हर्ट्झवर अरुंद नॉच, म्हणजे तेवढाच सूर कापणारा फिल्टर, लावून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. मग शांततेचा तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल (नॉइजचा नमुना) घ्या आणि रिडक्शन ६ डेसिबलवर ठेवा. पहिल्यांदा मी १२ ठेवला होता. नमुनाही ओवीच्या दोन कडव्यांमधला घेतला होता. कॅसेटची शूं गेली खरी, पण आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला आणि जातंच नाहीसं झालं. मूळ टेपमध्ये ती जात्यात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालते तेव्हा घरघर क्षणभर जड होते, मग दाणे भरडले गेले की पुन्हा मोकळी होते, आणि त्या मोकळ्या फेऱ्यावर ती पुढची ओळ उचलते. सॉफ्टवेअरच्या लेखी एकसारखा चालणारा आवाज म्हणजे नॉइज. मी ती फाइल टाकून दिली. आता नमुना घेतो तो फक्त केबलच्या शांततेचा. कॅसेटची शूं आणि जात्याची घरघर दोन्ही तशीच राहू देतो.

साफ केलेली फाइल मूळ फाइलवर सेव्ह करू नका. मूळ टेक, शांततेची चाचणी आणि साफ केलेली प्रत तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि दोन्ही नॉब कुठे होते त्याचा फोटोही तिथेच टाका. एसडी कार्डाची एक प्रत हार्ड डिस्कवर घ्या. आणि काम झालं की सॅम्पलरमधले सेल काढून ठेवा. आत विसरून राहिले तर गळतात आणि स्प्रिंगला हिरवा गंज चढतो.