सांगली-मिरजेकडनं रेल्वे अप्रेंटिसला जायचंय? मग आधी हे बघा

आयटीआय झाली की आपल्याकडच्या पोरांपुढं दोन रस्ते असतात, कुपवाड एमआयडीसीत कुठंतरी चिकटायचं नाहीतर रेल्वेची अप्रेंटिस, म्हणजे वर्षभराचं शिकाऊ प्रशिक्षण, भरायची. आता गंमत अशी की पहिल्या रस्त्यावर घाईनं पाय ठेवला तर दुसरा बंद होतो. कंपनीनं तुमचं रीतसर अप्रेंटिस कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर केलं, की रेल्वे नंतर घेत नाही, कारण आधी अप्रेंटिस केलेल्याला किंवा करत असलेल्याला जाहिरातीतच अपात्र धरलेलं असतं. म्हणून तिथं सही करायच्या आधी विचारा की ही साधी ट्रेनी भरती आहे का अप्रेंटिस ॲक्टखाली आहे.

परीक्षा नसते. दहावीला किमान ५० टक्के पाहिजेत, जाहिरातीतल्या ट्रेडची आयटीआय पाहिजे, वय १५ ते २४ (एससी-एसटीला ५ वर्षं, ओबीसीला ३ वर्षं सूट), आणि दहावी व आयटीआयच्या टक्क्यांची सरासरी काढून मेरिट लागतं. इथंच आपल्या महाराष्ट्र बोर्डाची पोरं गडबडतात. मार्कलिस्टवर बेस्ट ऑफ फाइव्हचे टक्के छापलेले असतात तेच उचलून फॉर्ममध्ये टाकतात, आणि रेल्वे सगळ्या विषयांचे मार्क धरते. कॅल्क्युलेटर घ्या, सगळ्या विषयांची बेरीज करा, जे येईल ते भरा, कमी आलं तरी तेच भरा. ओबीसीवाल्यांनी दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच काढून ठेवा, राज्याचा घेऊन गेलात तर व्हेरिफिकेशनला उभं राहून फोनवर घरच्यांना पळवावं लागतं. आधार आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव पण एकदा जुळवून बघा, आपल्याकडं वडलांच्या नावापुढं कुठं 'राव' असतं कुठं नसतं.

आता कुठं भरायचं. सांगली, मिरज, कराड, सातारा ही स्टेशनं सेंट्रल रेल्वेच्या पुणे डिव्हिजनला, त्यामुळं सगळे डोळे झाकून फॉर्ममध्ये पुणे क्लस्टर, म्हणजे त्या भागातल्या वर्कशॉप-डेपोंचा गट, टाकतात. सेंट्रलच्या २०२४ च्या जाहिरातीत २,४२४ जागा होत्या, मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर अशा क्लस्टरमध्ये वाटलेल्या. त्यात स्टायपेंड (शिकताना मिळणारे पैसे) महिना ७,००० रुपये होता आणि हॉस्टेल नाही, खोली आपली आपण बघायची. सात हजारात पुण्यात खोली, मेस आणि गावाकडं यायचं भाडं हे गणित घरून पैसे आल्याशिवाय बसत नाही राव. माझं मत विचाराल तर सोलापूर क्लस्टरमधलं कुर्डुवाडी वर्कशॉप बघा, ते जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासनं आहे, गाव लहान असल्यानं खर्च आवाक्यात राहतो आणि मिरजेतनं पंढरपूरमार्गे सरळ लाइन आहे. मिरजेच्या पोरांना अजून एक सोय म्हणजे साऊथ वेस्टर्न रेल्वेचं हुबळी वर्कशॉप, त्याची जाहिरात वेगळी निघते, ती पण बघत चला.

जॉइन झाल्यावर पहिले काही दिवस कोण विचारत नाही, चहा आण, पाना दे, फाइल साहेबांच्या टेबलावर ठेव असलं चालतं. त्याचा राग मानू नका पण त्यातच रमू पण नका. जो मिस्त्री स्वतः पिटमध्ये, म्हणजे रूळांखालच्या खड्ड्यात, उतरून काम करतो त्याच्या मागं लागा, त्याला मामा म्हणा, काका म्हणा, त्याचा डबा धरा, पण त्याला सोडू नका. ऑफिसात बसून हजेरी लिहिणाऱ्या पोराला साहेब लवकर ओळखतात हे खरं, पण वर्षाच्या शेवटी त्याला चाक मोजायचं व्हील गेज धरता येत नाही.

कॅरेज-वॅगनला, म्हणजे डब्यांच्या देखभालीच्या खात्यात, पडलात तर ब्रेक आधी समजून घ्या, कारण सगळं काम तिथंच येऊन थांबतं. आपल्याला वाटतं ड्रायव्हरनं पाइपात हवा भरली की ब्रेक लागतो, पण आहे उलटं. गाडीभर जाणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचं (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर असतंय तोवर ब्रेक सुटलेला राहतो, ते प्रेशर पडलं की प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा सिलिंडरमध्ये जाते आणि ब्रेक लागतो. म्हणून कपलिंग तुटून डबे वेगळे झाले तरी दोन्ही भाग आपोआप थांबतात. शेजारचा फीड पाइप ६ किलोचा, त्याचं काम टाक्या भरत राहायचं. जुन्या आयसीएफ बनावटीच्या डब्यात ब्रेक ब्लॉक चाकावर घासतात, नव्या एलएचबी बनावटीच्या डब्याला ॲक्सलवर डिस्क असते, दोन्ही हातानं उघडून बघा. आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १,६०० मिलिमीटर, रूळांमधलं १,६७६, हे आकडे झोपेत विचारले तरी आले पाहिजेत.

जिवाचं सांगतो. रेकखाली, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेखाली, जायच्या आधी दोन्ही टोकांना लाल झेंडी किंवा बोर्ड लागलाय का ते स्वतः चालत जाऊन बघायचं, 'लागलाय रे, जा तू' यावर जायचं नाही, सांगणारा कितीही सीनियर असू दे. पुणे-मिरज लाइनवर आता वरची विजेची वायर आलीय, २५,००० व्होल्ट. तिला हात लागायलाच पाहिजे असं नाही, जवळ गेलं तरी ओढते. चालू वायरपासनं २ मीटरच्या आत शरीर किंवा हातातलं काही जाता कामा नये, आणि सप्लाय बंद करून अर्थ केल्याशिवाय डब्याच्या टपावर चढायचंच नाही.

रोजची डायरी रोज लिहा, आठवड्याची एकदम लिहिली की सगळ्या पानांवर 'साफसफाई केली' येतं आणि सही करणारा पण हसतो. वर्ष संपल्यावर ट्रेड टेस्ट होते, ती पास झाल्यावर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं आणि खरा उपयोग त्याचाच. कारण अप्रेंटिस केली म्हणून रेल्वे नोकरी देत नाही, द्यायला बांधील पण नाही. लेव्हल वनच्या (पूर्वीच्या ग्रुप डीच्या) भरतीत रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा ठेवलेल्या असतात, पण त्यासाठी पण परीक्षा द्यावीच लागते. म्हणून संध्याकाळी शेडमधनं आल्यावर तासभर तरी गणित आणि रीझनिंग करा, शनिवार-रविवार गावाकडं यायचं असेल तर पुस्तक गाडीत उघडा, पुण्याहून मिरजेपर्यंत भरपूर वेळ मिळतो आणि आदर्कीच्या घाटात नेटवर्कची पण फार आशा नसते.